रिकामा डावा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. अकरा वर्षं झाली. एवढी वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे बाई आतून झिजली असेल, असं तुम्हाला वाटेल. खरं सांगू? तसं काही झालेलं नाही. मला झोप लागते. ह्यांच्या घोरण्यावर मात करून लागते. जेवण जातं, रक्तदाबाची एक बारकी गोळी सोडली तर दुखणंखुपणं नाही, जावई चांगला मिळाला, नात झाली. मी सुखात आहे. झिजले असते तर निदान म्हणता आलं असतं, की घ्या, भोगून झालं. तेही म्हणता येत नाही.

कुठून सुरुवात करू? कीबोर्डापासून करते. सगळा दोष त्या कीबोर्डाचा — नाही, बघा, पहिल्याच वाक्यात त्याच्यावर ढकलायला निघाले. कीबोर्ड बिचारा अजून कपाटावर पडून आहे. त्यानं मी जे सांगितलं तेच केलं.

आम्ही वलवणला राहतो, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. हे तेव्हा रेल्वेत होते, खंडाळ्याला सिग्नलकडे. आमच्या पूर्वाला आठवीत संगीताचं वेड लागलं आणि ह्यांनी लोणावळ्याच्या बाजारातून तिला कीबोर्ड आणून दिला. वेड दोन महिने टिकलं. तिसऱ्या महिन्यात ती त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागली. मला ते बघवेना. लग्नाआधी दोन वर्षं मी पेटी शिकले होते — म्हणजे सारेगम, चार अलंकार आणि दोन भजनं. त्यातलं काय उरलंय बघू म्हणून एक दिवस कपडे बाजूला केले.

उजव्या हाताचं थोडंफार उरलं होतं. डावा हात काही ऐकेना. पेटीवर डाव्या हातानं भाता मारायचा एवढंच मला ठाऊक. ह्याच्यावर भाताच नाही, मग त्या हातानं करायचं काय? विचारायला म्हणून ज्यांच्याकडून आणला त्या शौकतभाईंच्या दुकानात गेले. शौकतभाईंनी त्यांच्याकडचा तसलाच एक कीबोर्ड काउंटरवर आडवा घातला, डावीकडचं एक बटण दाबलं आणि म्हणाले, "ताई, डाव्या हाताचं एक बोट ठेवा फक्त. बाकी चार माणसांचं काम हेच करतंय."

मी एक पट्टी दाबली. आणि काय सांगू तुम्हाला! ढोलकी सुरू झाली, खर्जातली तार वाजायला लागली, मागे भरीव स्वरांचा झुला सुरू झाला. एका बोटावर. ते बोट दुसऱ्या पट्टीवर नेलं की सगळी मंडळी माझ्यामागं दुसऱ्या सुरावर यायची. आणि गंमत म्हणजे बोट उचललं तरी वाजणं थांबायचं नाही. पुढचा सूर दाबेपर्यंत मशीन मागचाच धरून ठेवायचं. म्हणजे कडव्यातला बराचसा वेळ डावा हात रिकामाच. रिकामं मन सैतानाचं घर असतं म्हणतात. रिकाम्या हाताबद्दल मला कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

आमच्याकडं दर मंगळवारी दुपारी देवळात महिलांचं भजन असायचं, अजून असतं. पंधरा-सोळा जणी. शिंदेवहिनी म्होरक्या, त्या गाणार, बाकीच्या मागून म्हणणार. साथीला टाळ आणि हौसामावशींची ढोलकी.

हौसामावशी औंढ्याच्या. रोज सकाळी वलवणला एका बंगल्यावर स्वयंपाकाला यायच्या आणि मंगळवारी तिथलं आवरून, ढोलकी जुन्या लुगड्यात गुंडाळून देवळात. साठी उलटलेली, अंगानं काटक, बोलायला फटकळ आणि हसायला मोकळ्या. ढोलकी त्या वडिलांकडून शिकल्या. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून मुलीच्या हातात दिली. वाजवायला बसताना बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या आणि खाली घसरू नयेत म्हणून वरून रुमाल बांधायच्या. तो रुमाल बांधला की देवळातल्या गप्पा बंद व्हायच्या.

भजनाची लय त्यांच्या ताब्यात असायची. शिंदेवहिनी गायच्या, पण चालायच्या मावशींच्या हातानं. आणि मावशी लय कधी ओढायच्या नाहीत, कधी पळवायच्या नाहीत. शेवटच्या कडव्याला नुसत्या मान वर करून एकदा सगळ्यांकडं बघायच्या — मग चढायची लय, आणि सोळाच्या सोळा बाया एकदम चढायच्या. त्या जागी मला दर वेळी अंगावर काटा यायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे. मला त्यांची किंमत कळत नव्हती असं नाही. चांगली कळत होती.

मग मी कीबोर्ड देवळात नेला. कारणही पटण्यासारखं होतं. आमच्याकडच्या पावसात हवा इतकी ओली असते की ढोलकीचं पान, म्हणजे चामडं, सैल पडून उतरतं. मावशी ती बंगल्यावरच्या शेगडीवर शेकून आणायच्या, पण दोन भजनांत आवाज बसायचा आणि पुन्हा शेकायला न्यावी लागायची. मशीन काही पावसानं उतरत नाही. मी म्हटलं, मागं हळू आवाजात राहू दे, मावशींना आधार होईल. मावशींनी स्वतःच सरकून मला शेजारी जागा करून दिली.

आणि माझं नशीब फळफळलं. वलवणात मी एकदम "कीबोर्डवाल्या वहिनी" झाले. बाया यायच्या, बघायच्या, म्हणायच्या, अगंबाई, दोन्ही हातांनी! मी डावं बोट जरा नखऱ्यानं फिरवायचे, जिथं एक पट्टी पुरते तिथं तीन पट्ट्यांना शिवून यायचे. ते सगळं मशीन वाजवतंय हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, मग मी कशाला सांगू? खोटं असं मी तेव्हा काही बोलले नव्हते. लोक बोलत होते, मी ऐकून घेत होते. तुम्हीही घेतलं असतंत — जाऊ दे, तुमचं मला काय माहीत.

आता ते हळदीकुंकू.

शिंदेवहिनींकडं होतं, श्रावणातलं. तळेगावच्या त्यांच्या विहीणबाई आल्या होत्या, चांगल्या शिकलेल्या, गाण्यातलं कळणाऱ्या. आम्ही दोन भजनं म्हटली. विहीणबाई माझ्याजवळ आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुमचा डावा हात फार सुंदर चालतो हो. मी लाजल्यासारखं केलं. तेवढ्यात ढोलकीवर लुगडं गुंडाळता गुंडाळता हौसामावशी बोलल्या, "डावा हात कुटं वाजवतोय बाई? त्ये बटन वाजवतंय. वैनी नुस्तं बोट ठिवत्यात."

सगळ्या हसल्या. विहीणबाई हसल्या. मीसुद्धा हसले. मावशींच्या मनात काही नव्हतं — हे मला तेव्हाही माहीत होतं. पाऊस पडतोय म्हणून सांगावं, तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं होतं. आणि होतंही खरंच. खऱ्याचाच राग जास्त येतो, नाही का? खोटं असतं तर मी चार जणींत भांडून मोकळी झाले असते.

घरी येऊन मी वाण म्हणून मिळालेली प्लास्टिकची डबी कचऱ्यात टाकली. एवढंच केलं त्या दिवशी. चांगली डबी होती.

इथपर्यंत तुम्ही मला माफच कराल. बाईमाणसाचा स्वाभिमान दुखावला, म्हणाल. म्हणून इथंच थांबावंसं वाटतंय. पण थांबायचं असतं तर सुरुवातच केली नसती.

कीबोर्डावर लयीचं एक बटण असतं. खरं तर दोन, एक वाढवायचं, एक कमी करायचं. शेजारी एवढासा पडदा, त्याच्यावर आकडा. आमची भजनं शंभरावर चालायची. तो पडदा वाजवणाऱ्याकडं तोंड करून असतो. समोरच्याला आकडा दिसत नाही, शेजारच्यालाही नीट दिसत नाही.

पुढच्या मंगळवारी पहिलं कडवं झालं आणि मी डाव्या अंगठ्यानं वाढवायचं बटण एकदा दाबलं. एकशे एक. दोन ओळी जाऊ दिल्या. एकशे दोन. मग आणखी दोन ओळी. एकदम वाढवलं तर लहान मूलही ओळखेल, पण एकेक आकडा कुणाच्या कानाला लागत नाही. बाया मशीनबरोबर जात राहिल्या — मशीनला आता देवळातला पेटीएवढा स्पीकर जोडलेला, त्याचा आवाज मोठा, आणि माणूस मोठ्या आवाजामागं जातंच. चौथ्या कडव्यापर्यंत मी एकशे आठवर होते. मावशी शंभरावर होत्या.

एकट्या त्या जिथं होत्या तिथंच होत्या. आणि दिसत असं होतं, की मावशी मागं पडताहेत.

दोनदा त्यांनी ओढून गाठायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा हात उचलून नुसत्या ऐकत बसल्या. भजन संपल्यावर माझ्याकडं झुकून हळूच म्हणाल्या, "वैनी, मशीन पळतंय जनू."

आता नीट ऐका, कारण गोष्ट एवढीच आहे. बाकीचं सगळं मी ह्या एका जागी येण्यासाठी सांगितलं. भजन संपता संपता मी आकडा परत शंभरावर आणून ठेवला होता. मावशींनी हळू विचारलं होतं, मी मोठ्यानं उत्तर दिलं. म्हणाले, "मशीन कसं पळेल, मावशी?" आणि कीबोर्ड उचलून गोल फिरवला, पडदा सगळ्यांकडं केला. बघा, म्हटलं. शंभर लावलं होतं, शंभरच आहे.

सोळा जणींनी पडदा बघितला. मावशींना आकडे वाचता येत होते. त्यांनीही बघितला. शिंदेवहिनी म्हणाल्या, मशीनला काय वय असतं का. त्यांनाही काही लागट बोलायचं नव्हतं. पण मावशींनी आपल्या तळहातांकडं बघितलं — उलटे केले, सुलटे केले. मी ते बघितलं. आणि मला बरं वाटलं. तेही सांगून टाकते. मला बरं वाटलं.

सहा मंगळवार मी हे केलं. रागाच्या भरात एकदा घडलं असं नाही. सहा मंगळवार. कधी वाढवायचे, कधी शंभरावरून खाली उतरवत ब्याण्णववर आणायचे, म्हणजे मावशी धावताहेत असं दिसायचं. आमच्यात कुणाच्या मनात शंका आली नाही. माणसाचा हात आणि मशीन दोन वेगळं सांगायला लागले तर चूक कुणाची, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. मावशींनासुद्धा.

मधल्या एका शनिवारी त्या माझ्याकडं आल्या. ढोलकी घेऊन. म्हणाल्या, मला मशीनबरोबर एकटीला बसवा, हात सुधारायचाय. मी चहा केला. मशीन लावलं. त्या दुपारी अंगठा कुठं नेला नाही, ते मला जमलं नसावं — समोर एकटी म्हातारी, मधे चहाचे कप. तासभर मावशींनी अशी काही ढोलकी वाजवली की पूर्वा अभ्यास सोडून दारात येऊन उभी राहिली. मावशी घाम पुसत खुश होऊन गेल्या. मला वाटलं, चला, संपलं. मनातून निघालं.

आणि मंगळवारी देवळात बसल्यावर अंगठा पुन्हा बटणावर गेला. का? मला अजून नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की शनिवारी पूर्वानं विचारलं होतं, आई, मावशींसारखं तुला वाजवता येतं का गं?

त्यानंतर मावशींनी स्वतःच निष्कर्ष काढला. घरी हात बरा चालतो, चार बायांत फितूर होतो. म्हणजे वय झालं. नवरात्रात तळेगावला भजनाची स्पर्धा होती. मावशी आपणहोऊन शिंदेवहिनींना म्हणाल्या, माझ्यापायी मंडळाचं नुकसान नको, ठेका मशीनवर धरा. आणि त्या मधल्या जागेवरून उठल्या आणि मागं, दाराजवळ, टाळ घेऊन बसल्या. बांगड्या वर सारायचं कारण उरलं नाही. टाळाबरोबर त्याही किणकिणायच्या.

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांनी निवाडा सांगताना म्हटलं, सगळं बरोबर होतं, पण शेवटी भजन चढलं नाही. कोण चढवणार? मान वर करून बघणारं माणूस दाराजवळ बसलं होतं.

दिवाळीच्या आधी मावशी पुन्हा माझ्याकडं आल्या. ह्या वेळी हातात ढोलकी नव्हती, कुरडयांचा डबा होता. बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "तुमचं मशीन आलं म्हनून कळलं बगा. न्हाईतर ह्या बाया तोंडावर बोलल्या नसत्या. मी आपली म्हातारी बडवत बसले असते, आन् मागनं हसू झालं असतं. येळंवर उठले."

त्या माझे आभार मानायला आल्या होत्या. मी काय केलं असेन? डबा घेतला. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात साखर घालून दिली. कुरडया उत्तम होत्या, वर्षभर पुरल्या. तळताना फुलल्या की हे म्हणायचे, मावशींच्या हाताला तोड नाही.

ढोलकी त्यांनी औंढ्याच्या देवळात देऊन टाकली, असं मागाहून कळलं.

ह्या सगळ्याला अकरा वर्षं झाली. मावशी दुःखात वगैरे राहिल्या असतील असं मनात आणू नका. दुःख धरून बसायचा त्यांचा स्वभावच नाही. बंगल्यावरचं काम सुटलं, सूनबाई चांगली, दारात दोन शेळ्या आहेत. मंगळवारी येतात, टाळ वाजवतात, फटकळ बोलतात, सगळ्यांना हसवतात. माझ्यावर तर विशेष लोभ. मी शौकतभाईंकडून पुढं खरंच दोन हातांनी वाजवायला शिकायचं म्हटलं होतं, ते राहूनच गेलं. चार वर्षांनी देवळात नवीन ढोलकीवाली आली, शिंदेवहिनींची भाची, आणि माझा कीबोर्ड घरी परत आला. मला वाईटही वाटलं नाही.

आणि मी स्वतःशी एक समजूत घालून घेतली होती. ती सांगते, कारण ती फार आरामाची होती. मी म्हणायचे — नाहीतरी त्यांचं वय झालंच होतं. आज ना उद्या हात जाणारच होता. मी फार तर दोन वर्षं आधी नेला. दोन वर्षं म्हणजे काय मोठंसं? ह्या उशीवर डोकं ठेवून मी इतकी वर्षं झोपले.

गेल्या महिन्यात पूर्वाच्या मुलीचं बारसं झालं, आमच्याकडंच. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं, भजनातल्या सगळ्या जणी नटून आलेल्या. पूर्वा म्हणाली, आई, कीबोर्ड काढ ना, पाळणा म्हणताना वाजव. काढला. पुसला. चालू झाला — त्याला काही झालेलं नव्हतं. हौसामावशी पाळण्याशेजारी बसल्या होत्या. पंचाहत्तरी गाठलेली बाई. कोपऱ्यात तेलाचा रिकामा डबा होता, पूर्वानं तोच त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, मावशी, आज तुम्हीच. त्या नको नको म्हणाल्या. हात गेलाय गं माझा, म्हणाल्या. पण बाळाकडं बघितलं, बांगड्या वर सारल्या आणि आमच्या जावयाकडं रुमाल मागितला.

मी ब्याण्णव लावलं. पाळण्याला तेवढी लय पुरते. डाव्या बोटानं सूर धरला आणि तो हात मांडीखाली दाबून बसले. खरंच, दाबून बसले, मुंग्या येईपर्यंत.

पहिलं कडवं मशीन आणि डबा बरोबर गेले. दुसरं गेलं. मग मला काय सुचलं कोण जाणे, तिसऱ्या कडव्याला मी उजव्या हातानं आवाज शून्यावर नेला. वीस बाया गात होत्या, टाळ्या वाजत होत्या, बाळ ओरडत होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आवाज गेला तरी मशीन आत चालूच असतं. पडद्यावर लयीची चार बारकी टिंबं एकामागून एक लुकलुकत होती. ती फक्त मला दिसत होती. मी टिंबांकडं बघत होते आणि मावशींच्या बोटांकडं.

टिंब लुकलुकायचं आणि बोट पडायचं. एकाच वेळी. तिसरं कडवं, चौथं कडवं, पाचवं कडवं. मधेच शेजारणीशी बोलून घेतलं मावशींनी, बाळाच्या तोंडावरची माशी एका हातानं हाकलली. बोट पडायचं तिथंच पडत होतं. मी वाट बघत होते. आता तरी चुकतील. देवा, एकदा तरी चुकू दे त्यांना, असं मी मनात म्हणत होते — नातीच्या बारशाला. त्या चुकल्या नाहीत. शेवटच्या कडव्याला मी आवाज परत वर आणला, तो नेमका त्यांच्या बोटाखाली येऊन पडला.

हात कुठंही गेला नव्हता. दोन वर्षांत नाही, अकरा वर्षांत नाही.

पाळणा संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पूर्वानं मावशींच्या पाया पडून बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. मावशींनी रुमाल सोडला, बांगड्या खाली घेतल्या, दोन्ही तळहात एकदा उलटेसुलटे करून बघितले. मग माझ्याकडं वळून अगदी समाधानानं म्हणाल्या, "आज हात बरा पडला म्हनायचा, वैनी. मशीननं सांभाळून घेतलं."

मधली तीन कडवी मशीन मुकं होतं. घरात वीस बाया होत्या, आणि हे एकट्या मला माहीत होतं.

मी म्हणाले, "हो मावशी. घेतलं सांभाळून." आणि उठून त्यांच्या ओटीत घुगऱ्या घातल्या.